गढीवर बहिणीची सही

आमच्या शेजारणीची इंग्लंडमध्ये एक गढी होती आणि ती गळत होती. मला या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कळल्या, आणि खरं सांगायचं तर दुसरीत मला जास्त रस वाटला.

मी कतारमध्ये अल खोरला एका कंपाउंडच्या मेंटेनन्स ऑफिसात काम करते. उंच भिंतीच्या आत एकसारखे व्हिला, मधे पोहण्याचा तलाव, गेटवर सिक्युरिटी. निम्म्या व्हिलांत रास लाफानच्या गॅस प्रकल्पावर बसने जाणारे गॅसवाले, माझा नवरा त्यांतलाच, आणि उरलेल्यांत शाळांचे शिक्षक. लोकांचे नळ, गीझर, एसी आणि दारांच्या बिजागऱ्या यांत माझा दिवस जातो. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला असल्यामुळे कुणाच्याही घरी गेले की मी आधी छताकडे बघते. यजमानांकडे नंतर.

शेजारीण शाळेत इंग्रजी शिकवते. मुलं तिला मिस म्हणतात, म्हणून आम्हीही मिसच म्हणतो. माझ्याहून थोडी मोठी, उंच, एकटी. एकदा तिचं पार्सल आमच्याकडे आलं ते द्यायला मी गेले, तर तिच्या पॅसेजमध्ये एसीच्या डक्टमधून पाणी ठिबकत होतं. त्याखाली एक बादली, एक पातेलं आणि एक फुलदाणी, प्रत्येक आपापल्या थेंबाखाली बरोबर मांडलेली. बादलीच्या तळाशी जुना टॉवेल, थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून. इतकी सराईत मांडणी मी कोकणातही पाहिलेली नाही.

“कधीपासून गळतंय?” मी विचारलं.

“ईदपासून.”

“मग तक्रार का नाही केली?”

“लोकांना कशाला त्रास? आम्ही घरी असंच करतो.”

लोक म्हणजे मी, आणि मला पगार त्या त्रासाचाच मिळतो. मी फोन करून माणसं बोलावली. ती येईपर्यंत मिसने चहा केला आणि “घरी” म्हणजे कुठे ते दाखवायला फोनवर एक फोटो उघडला. मला वाटलं, ती कॉलेजचा फोटो दाखवते आहे. समोर खांब, मधे त्रिकोणी कपाळपट्टी, दोन्हीकडे खिडक्यांच्या रांगा, वर धुराड्यांचं जंगल, पुढे तळं.

“हे तुमचं?”

“दुर्दैवाने,” मिस म्हणाली.

याला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या बायकांत पुढे बराच खल झाला. वाडा म्हणावा तर चौक नाही, बंगला म्हणावा तर एवढा मोठा बंगला असतो कुठे. समोरच्या लेनमधली कोल्हापूरची मुलगी म्हणाली, “गढी म्हणा की.” तेच राहिलं.

गढीचा इतिहास मी मिसच्या तोंडून तुकड्यातुकड्याने ऐकला, बहुतेक संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरताना. तो थोडक्यात असा. मूळ पुरुष लोकरीचा व्यापारी. त्याने जमीन घेतली आणि साधं, चौकोनी, भक्कम घर बांधलं. माझ्या मते त्यानंतर त्या घराण्यात बांधकाम कळणारा माणूस झालाच नाही. मुलाला वाटलं, शेजारच्या जमीनदाराच्या घराला खांब आहेत, आपल्यालाही पाहिजेत. त्याने समोर खांब लावले. नातवाला खिडकीतून गाव दिसायचं ते आवडेना, म्हणून त्याने गाव उचलून टेकडीपलीकडे नेलं आणि त्या जागी तळं केलं.

“गाव नेलं म्हणजे?”

“लोकांना नवी घरं दिली. बरीच लहान,” मिस म्हणाली. “तळ्याची ओल मात्र तेव्हापासून आमच्या तळघरात आहे.”

“गावाचे तळतळाट,” मी म्हटलं.

“वॉटरप्रूफिंग नव्हतं,” ती म्हणाली. मला ती आवडायला लागली ती तिथपासून.

पुढच्याने मागच्या बाजूला एक विंग वाढवली आणि तिचं छप्पर सपाट ठेवलं. पावसाच्या देशात. त्याच्या मुलाने साबण कारखानदाराच्या मुलीशी लग्न केलं आणि साबणाच्या पैशांतून ते छप्पर दुरुस्त झालं. त्याच्या मुलाची बायको बिस्किटांच्या घरातली. तिच्या बिस्किटांतून परत एकदा छप्पर झालं. मी म्हटलं, “म्हणजे तुमच्याकडे पुरुष दर्शनी भाग बांधतात आणि बायका छप्पर.” मिस चालता चालता थांबली. “आमच्या घराच्या माहितीपत्रकात हे नाही,” ती म्हणाली.

युद्धात गढीत सैन्य राहून गेलं. जाताना जिन्याचा निम्मा कठडा जाळून गेलं, थंडी होती. मग कर वाढले, एक विंग पाडली, तिचे दगड विकले. मिसचे वडील शेवटी स्वयंपाकघरात राहायचे, घरात ओव्हरकोट घालून. त्यांच्यानंतर घर भावाला गेलं, कारण तो मुलगा. भाऊ मूलबाळ न होता वारला तेव्हा घर मिसला मिळालं, कारण दुसरं कुणी पुरुष उरलं नव्हतं आणि दोघी बहिणींत ती मोठी. कतारची नोकरी तिने छपरासाठी धरली. इथे करमुक्त पगार मिळतो, तो तिकडे शिशाच्या पत्र्यांत जातो. नवऱ्याला हे कळल्यावर तो म्हणाला, “म्हणजे आम्ही इथून गॅस काढतो आणि तो शेवटी हिच्या छपरातून उडतो.”

धाकटी बहीण गढीतच राहत होती, स्वयंपाकघराशेजारच्या दोन खोल्यांत, तीन कुत्र्यांबरोबर. उरलेलं घर बंद.

“एवढं मोठं घर बंद ठेवायचं म्हणजे,” मी एकदा म्हटलं, “कमाल आहे.”

“तुमचं पुण्यात घर आहे ना?” मिसने विचारलं. “कोण राहतं?”

“कुणी नाही.”

“भाड्याने का देत नाही?”

“भाडेकरू खराब करतात.”

“मग त्याचं काय करता?”

“जुलैत सुट्टीवर गेलो की झाडतो. नळ सोडून बघतो. एरवी किल्ली दिरांकडे असते.”

मिसने मान डोलावली. “अच्छा. म्हणजे तुमचीही गढीच.”

मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. तो इतका हसला की मला राग आला. कंपाउंडमधल्या यच्चयावत मराठी माणसाची पुण्यात किंवा नाशकात एक गढी आहे. सगळ्या कुलुपात, सगळ्यांना नवे पडदे.

गेल्या डिसेंबरात मिसला एका हॉटेल कंपनीचा निरोप आला. त्यांना गढी हवी होती. जानेवारी संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर छप्पर आणखी एक हिवाळा काढेल असं तिच्या इंजिनिअरला वाटत नव्हतं. मला तर फोटो पाहूनही वाटत नव्हतं. हो म्हटलं तर बहिणीचं काय, हा प्रश्न होता. आई-वडील नाहीत, भाऊ नाही, मिसचं लग्न कधीचं मोडलेलं. तिला रक्ताचं असं एवढंच माणूस उरलं होतं. “तिने सगळं आयुष्य त्या घरात काढलंय. मी विकलं तर ती माझ्याशी परत बोलणार नाही,” मिस म्हणायची. हे वाक्य ती रोज संध्याकाळी म्हणायची आणि रोज आम्ही परत फिरायचो. जानेवारी अर्धा सरला तरी उत्तर काही गेलं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. दर वर्षी काहीतरी कार्यक्रम ठेवतो. आदल्या वर्षी ज्वारीच्या लाह्यांचं काहीतरी होतं आणि ते कुणाला जमलं नव्हतं. या वेळी मी मिसला म्हटलं, तू गढीचा इतिहास सांग. टीव्हीवर फोटो लावू. ती लगेच तयार झाली. शिक्षकांना समोर माणसं बसलेली दिसली की राहवत नाही.

ती लांब स्कर्ट घालून आली, हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, आणि “गोड गोड बोला” इतकं स्पष्ट म्हणाली की आमच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना लाज वाटावी. वाटली नाही, ती गोष्ट वेगळी. नाशिकच्या वहिनींनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, “हिचे मिस्टर?”

“वहिनी, आपण हे विचारणं बंद केलंय.”

“मी कुठे तिला विचारलं? तुला विचारलं.”

नाशिकच्या वहिनी आमच्यात सर्वांत जुन्या. अल खोरला धड रस्ता नव्हता तेव्हापासून इथे आहेत, असं त्या सांगतात, आणि रस्ता त्यांनीच करून घेतल्यासारखं सांगतात.

मिसने एकेक मालक पडद्यावर आणला. लोकरवाला, खांबवाला, तळंवाला. बायकांनी प्रत्येकाची यथास्थित वास्तपुस्त केली. तळंवाल्याला कोल्हापूरची मुलगी म्हणाली, “ह्याचं तोंडच सांगतंय.” साबणवालीला टाळ्या मिळाल्या. मग कोल्हापूरच्या मुलीनेच विचारलं, “मिस, पण ह्या सगळ्यांना बहिणी असतील की. त्यांना काय मिळायचं?”

“नवरा,” मिस म्हणाली.

“आणि?”

“नवरा नाही मिळाला तर वरच्या मजल्यावर एक खोली. मरेपर्यंत. घर पूर्ण मोठ्या मुलाला, नाहीतर त्याचे तुकडे झाले असते.”

मला वाटलं, आता बायका चिडतील. पण सगळ्या हसायलाच लागल्या. मिस गोंधळली. नाशिकच्या वहिनी म्हणाल्या, “हिला हक्कसोड सांग गं.”

म्हणून मी सांगितलं. आमच्याकडे कायद्याने मुलींना बापाच्या घरात मुलांइतकाच वाटा आहे. तो असल्यामुळेच भाऊ बहिणीला प्रेमाने गावी बोलावतो. तिला रजिस्टर ऑफिसात नेतो. तिथे ती सही करते की मला यातलं काही नको. फोटो काढतात, अंगठा घेतात. मग घरी जेवण, बासुंदी-पुरी, आणि निघताना साडी. त्या दिवशी बहिणीचं जेवढं कौतुक होतं तेवढं तिच्या लग्नातही झालेलं नसतं.

“आणि तुम्ही सही करता?” मिसने विचारलं.

“ज्यांनी केली त्यांनी हात वर करा,” कोल्हापूरची म्हणाली आणि पहिला हात तिनेच वर केला. एकीचा सोडून सगळ्यांचे वर गेले, माझासुद्धा. खाली राहिलेला हात एकुलत्या एकीचा होता.

“पण का?”

“माहेर राहावं म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “वाटा मागितला तर भाऊ तुटतो. नाही मागितला तर वर्षातून दोन दिवस जाऊन राहता येतं.”

“मला गर्भरेशमी मिळाली होती,” कुणीतरी म्हणालं.

“मला सिंथेटिक. आणि सोडलेल्या घराला रस्त्याकडून दोन गाळे.”

हे हसणं ओसरल्यावर वहिनींनी मिसकडे मोर्चा वळवला. “मग तुमच्या बहिणीची सही झाली?”

“तिची सही लागत नाही. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे.”

“लागत नाही ते कळलं. घेतली का?”

“नाही.”

“म्हणजे ती नको म्हणते?”

मिसने रिमोट खाली ठेवला. “मी तिला विचारलेलं नाही. हॉटेलबद्दल अजून सांगितलेलं नाही.”

आमच्याकडे भाऊ बहिणीला फसवतात, भुलवतात, सिंथेटिक साडीवर बोळवण करतात, पण न सांगता घर विकायचं म्हणजे या बायकांना भलतंच वाटलं.

“हॉटेलवाल्यांना माहीत,” वहिनी म्हणाल्या, “आता आम्हा पंधरा जणींना माहीत. आणि बहिणीला नाही?”

“तिला फार लागेल.”

“लागू दे. भांडेल, रडेल, मग सही करेल. आधी विचारायचं असतं हो.”

मिस लाल झाली. पदार्थ छान होते म्हणाली आणि लवकर गेली. मी वहिनींवर चिडले. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या वाणाचे डबे मोजत होत्या.

शुक्रवारी दुपारी त्या साडी घेऊन माझ्या दारात हजर. प्रत्येक मराठी कपाटात एक कप्पा असतो, आलेल्या आणि द्यायच्या साड्यांचा. त्यातली, मोरपंखी, जरा बऱ्यापैकी जरीची.

“ही कुणाला?”

“मिसच्या बहिणीला. नुसती सही कशी मागेल ती? हातात काहीतरी नको का?”

“वहिनी, तिकडे अशी पद्धत नाही. आणि ती नेसणार कधी?”

“मी तरी कुठे आलेल्या सगळ्या नेसते? चल तू.”

मिसने दार उघडलं. डोळ्यांखाली काळं. वहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीतून साडी काढून तिच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या सरळसोट इंग्रजीत सांगितलं, “ही बहिणीला दाखव. सांग, ही तुझी. मग विचार.” मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. पण मिसने त्या साडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “आत या. तुम्ही असलात तर मी फोन करेन. नसलात तर नाही करणार.”

आम्ही सोफ्यावर बसलो. तिने फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर बहीण आली, डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात कोट, मांडीवर एक कुत्रा. ती घरात होती. मिसने हवापाणी विचारलं. बहिणीने सांगितलं. मग तिने हवापाणी विचारलं. मिसनेही सांगितलं. वहिनींनी मला कोपराने ढोसलं. हे असंच चाललं तर महिना संपला असता.

मिसने साडी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. “ही तुझी आहे,” ती म्हणाली. “माझ्या शेजारणींच्या मते मी तुला ही द्यायची आणि तू मला घर विकायला परवानगी द्यायची.”

बहीण पडद्याजवळ सरकली.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “उबदार आहे का?”

“सांग तिला,” वहिनी मराठीत म्हणाल्या, “आतून स्वेटर घालता येतो.” मी सांगितलं.

“कुणाला विकतेस?”

“हॉटेलवाल्यांना. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू नको म्हणालीस तर—”

“कधीपर्यंत?”

“महिनाअखेर.”

“नाही, ते कधीपर्यंत घेतील? मी कधी निघू?”

बहिणीने कुत्र्याला खाली ठेवलं आणि मग जे बोलली ते मला पुरतं आठवतं, कारण ती एकाच पट्टीत, हिशेबाचं बोलावं तसं बोलली. तिला समुद्राजवळ एक लहान फ्लॅट हवा होता, रेडिएटर चालणारा. हे तिला वडील गेले तेव्हापासून हवं होतं. पण आधी भाऊ होता, त्याला वाईट वाटलं असतं. मग मिस. “तू घरासाठी वाळवंटात जाऊन राहिलीस. मी काय म्हणणार होते? मला थंडी वाजते म्हणून?”

“म्हणायचं होतंस.”

“तू विचारलं नाहीस.”

फोन ठेवल्यावर मिस बराच वेळ हातातली साडी घडी करत बसली. तिला घडी येत नव्हती. वहिनींनी ती काढून घेतली आणि नीट केली.

“मला वाटत होतं, तिला लागेल,” मिस म्हणाली. “मलाच लागलं.”

मी आत जाऊन चहा ठेवला. घर जाणार, बहीण राहणार. पंधरवड्यापूर्वी हीच निवड तिला कुणी लिहून दिली असती तर तिने डोळे मिटून घेतली असती. पण माणसाने एखादं ओझं इतकी वर्षं वाहिलेलं असलं की ते कुणालाच नको होतं हे ऐकायला बरं वाटत नाही. नाइलाज आहे.

चहा घेऊन तिने हॉटेलवाल्यांना उत्तर लिहायला घेतलं आणि माझ्यापुढे फोन धरला. “चुका बघ.” इंग्रजीच्या शिक्षिकेने डिप्लोमावालीला सांगितलेलं हे. चूक काही नव्हती. मी एवढंच म्हटलं की ताबा उन्हाळ्यात द्यावा, थंडीत कुणी घर बदलत नाही, आणि बहीण निघेपर्यंत छपराची जबाबदारी त्यांची असं लिहावं. तिने लिहिलं. मग अंगठा बटणावर धरून बसली.

“यल्ला, चल,” वहिनी म्हणाल्या.

तिने दाबलं.

“आता तुमच्यात काय करतात?” तिने विचारलं.

“जेवतात,” मी म्हटलं.

माझ्याकडे वरण-भात आणि वांग्याची भाजी होती. मी ती तिच्याकडेच आणली, नवऱ्यालाही बोलावलं. पानं वाढून होतात तोच फोन वाजला. परत बहीण. तिला स्वयंपाकघरातलं मोठं लाकडी टेबल न्यायचं होतं. मिसने घास तोंडात ठेवूनच सांगितलं की ते शक्य नाही, ते टेबल ती स्वतः नेणार आहे.

“तुझ्याकडे ठेवणार कुठे? तंबूत?”

“तुझ्या फ्लॅटच्या दारातून तरी ते आत जाईल का?”

“आईने ते मला दिलं होतं.”

“आईने ते कुणालाही दिलं नव्हतं. आईला ते आवडायचंच नाही.”

आवाज चढले. मिस उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. नवरा माझ्याकडे काळजीने पाहायला लागला आणि फोन मागायची खूण करायला लागला, म्हणजे मध्यस्थी करायला. वहिनींनी त्याच्या पानात आणखी भात वाढला.

“बसा हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आत्ता कुठे वाटणी सुरू झालीय.”